मागचं फिरत न्हाई

आमच्या धंद्यात एक बरं असतं, आपण कुणाला आवडावं अशी अपेक्षाच नसते. गाडी ठोकली की विमा कंपनी ज्याला बघायला पाठवते, तो सर्व्हेअर. गाडीवाल्याला वाटतं हा माझं नुकसान कमी दाखवायला आलाय, कंपनीला वाटतं ह्यानं गाडीवाल्याशी सूत जमवलंय, आणि गॅरेजवाला दोघांना चहा पाजून तिसरंच काहीतरी शिजवत असतो. त्यात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते दस्तगीर शिकलगार म्हणजे संशयाचा अर्क. सांगलीपासून साताऱ्यापर्यंतची गॅरेजं त्यांना पाठीमागं शंकासुर म्हणायची. तोंडावर अर्थातच साहेब.

उंच, वाळका माणूस. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खिशात खडू, एक गोल आरसा आणि दात घासायचा जुना ब्रश. ब्रश गाडीच्या पोटाखालचा चिखल झाडायला. तीस वर्षांत त्यांनी कुठल्या गाडीवाल्याच्या घरचा चहा घेतला नाही. पाण्याची बाटली आणि भाकरीचा डबा स्वतःचा, आणि तोही बाहेर झाडाखाली बसून खायचा. "पोटात एकदा त्याचं गेलं की डोळ्याला त्याचंच दिसतं," असं म्हणायचे.

मी पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत सांगलीत एका गॅरेजला गेलो. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा होता, मला सगळं येतंय असा समज होता. त्यांनी एका चेपलेल्या मोटारीकडं बोट केलं आणि विचारलं, "जाधव, ही कंच्या चाकानं चालती?"

"चार चाकांनी, साहेब."

"मग तू घरी जा."

गॅरेजातली पोरं हसली. मला इतका राग आला की खरंच घरी जावं वाटलं. मग त्यांनीच मला बाजूला घेतलं. बाहेर भाजीवाल्याचा हातगाडा उभा होता. "गाडा पुढनं वढला तर तो मागं मागं येतो. मागनं ढकलला तर नाक फिरवतो. मोटारीचंबी तेच. फिरत्यात चारी चाकं, पर इंजिनाची वढ सगळ्यास्नी नसती. ही बारकी मोटार पुढच्या दोन चाकांनी वढती. वळणावर जोर केला तर तिचं नाक वळणाच्या भाईर जातं. जुन्या व्हॅना, टेम्पो मागच्या चाकांनी ढकलत्यात. त्यास्नी चिखलात जोर दिला की ढुंगण फिरतं. आन् जीपवानी काही गाड्यांच्या चारी चाकांना वढ असती, त्या कुठनंबी निघत्यात. आता माणूस येऊन सांगंल माझी गाडी अशी गेली. गाडी तशी जाती का ते आदी बघायचं. माणूस बोलतो गड्या, रबर कबूल करतं."

हा त्यांचा नियम. ह्याच्यावर त्यांनी शेकड्यानं खोटी प्रकरणं पकडली, आणि मी ती डोळ्यांनी पाहिली आहेत.

सांगलीचा एक हळदीचा व्यापारी होता. त्याचं म्हणणं असं, की शेताच्या वाटेला गाडी चिखलात रुतली, त्यानं लय रेस केली, चाकं जागेवर गरगरली आणि गाडी घसरून बांधावर आदळली. पुरावा म्हणून गाडी धुतलेली नव्हती. मागची दोन्ही चाकं, त्यांच्या मागचा पत्रा, सगळं चिखलानं माखलेलं. साहेबांनी गाडीला एक फेरी मारली, उकिडवे बसले, ब्रशनं चिखल झाडला आणि व्यापाऱ्याला विचारलं, "शेठ, चिखल पाटीनं मारला का खोऱ्यानं?"

"म्हणजे?"

"गाडी पुढच्या चाकानं चालती तुमची. जागेवर गरगरली तर पुढची गरगरणार. मागची बिचारी उभी ऱ्हात्यात. मागं चिखल उडवला कुणी?"

शेठनं आधी आवाज चढवला, मग फोन काढला, मग फोन परत खिशात ठेवला. गाडी गोदामातल्या हमालानं भिंतीवर घातली होती आणि हमालाकडं लायसन नव्हतं. म्हणून हे सगळं नाटक. गोदामातला दुसरा हमाल आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा हसू दाबत म्हणाला, "खोऱ्यानं, साहेब." साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीत 'खोरे' असं लिहून घेतलं.

साताऱ्याचे एक डॉक्टर आठवतात. मोठी, महागडी गाडी, चारही चाकांना ओढ असलेली. घाटातून उतरताना कठड्यावर गेली. डॉक्टर म्हणाले, ट्रकनं मागून ढकललं. गाडीच्या मागं ओरखडा नाही. साहेबांनी ते दाखवल्यावर डॉक्टर चिडले. "अहो, ही गाडी घसरूच शकत नाही. चारही चाकं ओढतात हिची. तुम्हाला माहीत तरी आहे का?"

साहेब शांतपणे म्हणाले, "डाक्टरसाहेब, कठड्यावर गेली तवा गाडी वढत हुती का थांबत हुती?"

"ब्रेक मारला होता मी."

"मग वढीचा काय संबंध? चढाला, चिखलाला ही गाडी राजा. पर थांबायचं म्हनल्यावर तिला चारच चाकं, आन् आमच्या फाटक्या मोटारीलाबी चारच. वढ चार चाकांची हाय म्हनून माणूस जोरात जातो, आन् थांबताना फसतो."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "जरा स्पीडमध्ये होतो." साहेबांनी तसंच लिहिलं आणि प्रकरण मंजुरीला पाठवलं. वेगात असणं हा काही कंपनीच्या लेखी गुन्हा नव्हता. डॉक्टरांनी उगाच ट्रक मधे आणला होता.

हा संशय फक्त गाड्यांपुरता असता तर ठीक होतं. घरी दूध आलं की ते बोटावर घेऊन बघायचे. लग्नाची पत्रिका आली की मुहूर्त पंचांगात तपासायचे, तेही दुसऱ्यांच्या पंचांगात. मी एकदा ताप आला म्हणून सुट्टी घेतली, तर संध्याकाळी माझ्या दारात थर्मामीटर घेऊन उभे. त्यांच्या घरी मिरजेला गेलो होतो तेव्हा भाभी मला वाढता वाढता म्हणाल्या, "निकाहात मी तीनदा कबूल म्हनलं की ओ. तरी ह्यांनी घरी आल्यावर चौथ्यांदा इचारलं, खरंच कबूल हाय न्हवं?" साहेब मान खाली घालून जेवत होते. म्हणाले, "दबावाखाली म्हनली असतीस तर?"

त्यांचे वडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावत दारोदार हिंडायचे. गिऱ्हाईक म्हणायचं धार बोथट आहे, पैसे निम्मेच देतो. म्हातारा भांडायचा नाही, निम्मे घ्यायचा. साहेबांनी मला हे एकदाच सांगितलं आणि एवढंच म्हणाले, की त्या बायका घरात जाऊन त्याच सुरीनं फर्रकन कांदा कापायच्या, ते मला बाहेरून ऐकू यायचं. संशयाचं बी कुठं पडलं असेल ते मला तेव्हा कळलं. पण कळलं म्हणून त्यांच्या हाताखाली काम करणं काही सोपं झालं नाही.

आता मदन्यांच्या प्रकरणाकडं येतो. ते टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

सुभेदार मदने कोरेगावच्या पुढं एका गावात राहतात. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. हे फौजेत गेले, ट्रक चालवले, निवृत्त होऊन शेती करायला लागले. एकुलती मुलगी शीतल, तेवीस वर्षांची. गावात ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत सगळं चालवायची आणि त्या साली तिनं बसचालकाच्या भरतीला अर्ज केला होता. लेखी झालेलं, गाडी चालवून दाखवायची परीक्षा दीड महिन्यावर. सुभेदार गावभर सांगत हिंडायचे, माझी पोर बस चालवणार. एक जुनी लहान मोटार त्यांनी तिच्याच सरावासाठी घेतली होती.

सुभेदार कुंडलला पाहुण्यांकडं गेले होते त्या दिवशी शीतल आईला दवाखान्यातून घरी आणत होती. उसाचा हंगाम. ट्रॅक्टर फडातून चिखल घेऊन डांबरावर येतात, आणि त्या वळणावर पाटाचं पाणीही रस्त्यावर आलेलं. गाडी फिरली आणि मागच्या बाजूनं कडुलिंबाच्या झाडावर आदळली. शीतलला खरचटलं. आईचं खुब्याचं हाड मोडलं.

आम्ही चौथ्या दिवशी गेलो. गाडी त्यांच्याच अंगणात आणून ठेवली होती. मी फोटो काढले, साहेबांनी फेरी मारली. पुढचे दोन टायर नवेकोरे, नक्षी बोटभर खोल. मागचे दोन पार गुळगुळीत. ते मी पाहिलं. फोटोच्या चौकटीत मागचा टायर आला तेव्हा मनात आलंही, की हा ओल्या रस्त्यावर काय धरणार. पण साहेब पुढं होऊन बोलायला लागले होते, आणि साहेब बोलताना मधे तोंड घालायची आमच्यात रीत नव्हती. शिवाय त्यात नवल नव्हतं. आमच्याकडं सगळे तेच करतात. पुढच्या ओढीच्या गाडीचे पुढचे टायर आधी झिजतात, म्हणून नवे आणले की पुढं घालायचे आणि जुने मागं ढकलायचे. साहेब स्वतः दहा जणांना तसं सांगायचे.

"सांग बाळ, काय झालं?"

"वळणावर चिखल दिसला. मी पाय उचलला रेसवरचा, आन् गाडीचं मागचं फिरलं."

"मागचं?"

"व्हय. मागचं झाडाकडं गेलं."

"बाळ, ही गाडी पुढच्या चाकानं चालती. हिचं घसरलं तर नाक घसरतं. हिचं मागचं फिरत न्हाई."

"माझं फिरलं."

साहेबांनी मधे आईची चौकशी केली, लायसन बघितलं, विहिरीला पाणी किती ते विचारलं आणि पुन्हा फिरून तिथंच आले. शीतलनं शब्दही बदलला नाही. पाय उचलला, मागचं फिरलं. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज जरा चढला आणि साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की सापडलं. बदलणारा खोटा असतो हे ठीकच, पण न बदलणारा पाठ करून आलेला असतो, असंही त्यांचं मत होतं. म्हणजे सुटका कशातच नव्हती.

खाटेवरून आई म्हणाली, "आवं साहेब, पोरच चालवत हुती. हळू चालवत हुती."

साहेब हळूच मला म्हणाले, "आई हाय. पोरीवर पांघरूण घालणारच."

त्यांचा तर्क असा: गाडी फिरल्याची गोष्ट बनावट आहे. बनावट गोष्ट माणूस कधी सांगतो? चालवणारा दुसराच असला की. आणि परत येताना त्यांनी तसा अहवाल लिहिला. 'कथन वाहनाच्या गुणधर्माशी विसंगत. अपघातसमयी वाहन अन्य व्यक्ती चालवत असल्याची शक्यता नाकारता येत नाही.' टाइप मी केला. अशा ओळी आम्ही रोज लिहितो. ऑफिसात त्यांचा अर्थ एवढाच, की प्रकरण थांबवा.

गावात त्या ओळीचा अर्थ वेगळा झाला. कंपनीचं पत्र आलं, सुभेदारांनी ते पोस्टमनपुढंच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. अन्य व्यक्ती. तेवीस वर्षांच्या पोरीच्या गाडीत अन्य व्यक्ती म्हणजे कोण, हे सांगायला गावाला सर्व्हेअर लागत नाही. दोन दिवसांत पारावर तीन नावं तयार झाली. शीतलच्या चुलत्यानं सुभेदारांना विचारलं, वहिनीच्या पुढ्यात कोण बसला होता? ती बाई खाटेवर पडल्या पडल्या देवाच्या शपथा घेत होती आणि लोक म्हणत होते, आई काय दुसरं बोलणार?

हे मला कळलं कारण सुभेदारांनी ऑफिसात फोन केला. साहेब बाहेर होते, मी घेतला. मला वाटलं शिव्या देतील. ते म्हणाले, "साहेबास्नी सांगा, मी पैशासाठी फोन केला न्हाई. मी फौजेत सतरा वर्सं गाडी चालवलीया. पर त्या चारी चाकांनी वढनाऱ्या, ह्या बारक्या गाडीचं मला कळत न्हाई. मला एवढंच सांगा, मागचं खरंच फिरत न्हाई का?"

मी म्हणालो, "साहेब म्हणतात तर नाही फिरत."

"मंग पोर खोटं बोलतीया."

"ते मी कसं सांगू?"

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मागच्या टायरचा फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्येच होता. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर साहेब चुकले असं झालं असतं, आणि माझं स्वतंत्र कामाचं शिफारसपत्र त्यांच्या सहीसाठी टेबलावर पडलं होतं. खरं कारण हे, उगाच भक्ती-बिक्ती म्हणत नाही.

सुभेदारांनी गाडीची किल्ली आणि शीतलचं लायसन कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. परीक्षेच्या दिवशी ती घरात होती.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी साहेबांनी स्वतःच्या मोटारीला दोन नवे टायर घातले. दुकानदारानं न विचारता पुढं घातले, साहेबांनी न विचारता घालू दिले. दुसऱ्या दिवशी आम्ही पलूसकडून येत होतो. कारखान्याच्या रस्त्याला तसाच उसाचा चिखल, टँकरचं सांडलेलं पाणी. पुढं ट्रॅक्टर दिसला म्हणून साहेबांनी वळणातच पाय उचलला आणि आमच्या गाडीचं मागचं सरळ पुढं यायला निघालं. मी दाराला धरलं. गाडी अर्धी गिरकी घेऊन उसाच्या कडेला, आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. कुणाला काही लागलं नाही. ट्रॅक्टरवाला थांबून म्हणाला, "काय साहेब, परत निघाला व्हय?"

साहेब स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून होते. मग खाली उतरले, मागं जाऊन उकिडवे बसले आणि टायरवरून अंगठा फिरवत राहिले. किती वेळ, मोजला नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मदन्याच्या गाडीचे मागचे कसे हुते रं?"

"फोटो बघायला लागेल, साहेब."

कॉम्प्युटरमधला फोटो त्यांनीच उघडून बघितला. पण शिकलगारच तो, एका गिरकीवर विश्वास ठेवेल तर शप्पथ. रविवारी सकाळी त्यांनी मला कुंडलला बोलावलं. ओळखीच्या एका माणसाचं बंद गुऱ्हाळ होतं, त्याचं पटांगण मोठं आणि टणक. टँकरनं पाणी मारून घेतलं होतं. पांढऱ्या फक्कीनं वळण आखलेलं होतं. तीन गाड्या: त्यांची मोटार, गुऱ्हाळवाल्याची जुनी मागच्या ओढीची व्हॅन आणि कुणाची तरी चारही चाकं ओढणारी जीप. साठीला आलेला माणूस त्या चिखलात दुपारपर्यंत गोल गोल फिरत होता. गुऱ्हाळवाला मला विचारत होता, साहेबांची तब्येत बरी आहे ना?

आधी नवे टायर मागं घालून त्यांनी मोटार वळणात घातली. रेस दिली, नाक फक्कीच्या बाहेर गेलं, अगदी त्यांच्या नियमाप्रमाणं. मग आम्ही जॅक लावून टायर बदलले, गुळगुळीत मागं. तेच वळण, तोच वेग, पाय उचलला, आणि मागचं फिरलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा फिरलं. व्हॅननं रेस दिली की ढुंगण फिरवलं, ते अपेक्षितच होतं. जीप त्याच चिखलातून आरामात निघाली, पण पाय उचलून ब्रेक मारल्यावर तीही बाकीच्यांसारखीच घसरत गेली. शेवटी साहेब जीपच्या पायरीवर बसले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली.

"जाधव, तीस वर्सं मी वढ कुठल्या चाकाला हाय ते बघत आलो. पाय उचलल्यावर वढ संपती. मग गाडी धरून ठेवायचं काम नुसत्या रबराचं. आन् चांगलं रबर आपुन पुढं घालून ठेवतो." जरा थांबून म्हणाले, "पोरीनं पैल्या वाक्यात सांगितलं हुतं, पाय उचलला म्हनून. मी पुढचं ऐकलंच न्हाई."

त्यांनी कंपनीला सुधारित अहवाल पाठवला. आमच्या धंद्यात असं कुणी करत नाही. कंपनीनं प्रकरण मंजूर केलं, आणि साहेबांकडं येणारी कामं महिन्याभरात निम्म्यावर आली. एकदा मत फिरवलेल्या माणसाचं मत कोण घेणार? मला आत कुठंतरी शंका होती, की ह्यांना पोरीचं वाईट वाटतंय का स्वतःचा नियम मोडल्याचं? पटांगणावर त्यांच्या तोंडावर दोन्ही होतं. त्यांच्या हाताखाली राहून मलाही तो रोग लागलेला होता.

पत्र पाठवून भागणार नव्हतं हे त्यांना कळत होतं. आम्ही मदन्यांच्या गावी गेलो. सुभेदार ओसरीवर बसले होते. आई काठी घेऊन चालायला लागली होती. साहेब खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "सुभेदार, तुमची पोर खरं बोलत हुती. अक्षर न् अक्षर खरं. गाडी तिनंच चालवली आन् मागचंच फिरलं. चूक माझी झाली. मी हे पारावर येऊन सांगायला तयार हाय."

सुभेदार उठले आणि आत गेले. कपाटाचं कुलूप काढल्याचा आवाज आला आणि ते किल्ली, लायसन घेऊन बाहेर आले. शीतल दारात उभी होती. त्यांनी हात पुढं केला. "घे बाळ. पुढच्या भरतीला जा तू. साहेब म्हनत्यात तू खरं बोललीस."

तिनं हात पुढं केला नाही.

"आप्पा, मी पैल्या दिवशी हेच सांगितलं हुतं. आईनं सांगितलं. साहेब आले न् मी खोटी झाले. आता साहेब आले न् मी खरी झाले. मदल्या टायमाला मी कोन हुते?"

तिनं लायसन तेवढं उचललं, किल्ली तशीच त्यांच्या हातात ठेवली. "भरतीला जानार हाय मी. पर तुमी हो म्हनला म्हनून न्हवं, आन् ह्यांनी सांगितलं म्हनूनबी न्हवं." साहेबांकडं वळून म्हणाली, "तुमी आलासा ते बरं केलंसा." आणि आत गेली. आईनं चहा आणला. साहेबांनी कप हातात घेतला, पण तो त्यांच्याच्यानं प्याला गेला नाही.

येताना कोरेगावला रेल्वेचं फाटक बंद होतं. साहेबांनी इंजिन बंद केलं. पुढं दुधाचा टेम्पो, मागं दोन मोटारसायकली. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "मला एक शिकायला पायजे गड्या. माणूस सांगतो ते आदी खरं धरायचं. मग बघायचं. मी आयुष्यभर उलटं केलं."

मी हं म्हणालो.

"फोटो तू काढलेस. मागचे टायर तुला तवा दिसले हुते का?"

शिफारसपत्रावर सही होऊन महिना झाला होता, मला कशाची भीती नव्हती. सांगायला हवं होतं. हो साहेब, दिसले होते. फोनवर सुभेदारांनी विचारलं तेव्हाही माहीत होतं. त्या पोरीची परीक्षा बुडवायला आपण दोघं होतो.

"नाही साहेब," मी म्हणालो. "लक्षात नाही आलं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ह्या माणसानं चिखलावरून शेठजी ओळखला होता, माझा ताप मोजायला थर्मामीटर आणला होता. मी त्यांच्या नजरेला नजर दिली आणि वाट बघत राहिलो.

"बरं," साहेब म्हणाले. "तू म्हनतोस तर न्हाई दिसले." आणि फाटक उघडलं म्हणून त्यांनी गाडी चालू केली.